घरच्या संगणकाची निवड

आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं दरसाल कांहीं जण अभियांत्रिकीकडे वळतात, आणि प्रवेशाची यादी लागली कीं चार-दोन पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "सर, मुलाला कॉम्प्युटर कोणता घ्यावा?" हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदारास विचारावयाचा आहे. तथापि ज्या घरांत ही खरेदी एकदांच व्हावयाची असते, आणि तीही दुधाच्या, उंसाच्या किंवा पगाराच्या थोड्याशा शिलकेंतून, त्या घरीं तो मुलांच्या शिक्षणाचाच प्रश्न होऊन बसतो. म्हणून त्याचा कांहीं विचार या अंकांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

एक दरपत्रक

गेल्या श्रावणांत राहुरी तालुक्यांतील एक गृहस्थ आपल्या दोन्ही मुलांसह आमच्याकडे आले. मुलगा आमचा माजी विद्यार्थी. त्यास विळद घाटांत यंत्र-अभियांत्रिकी शाखेस प्रवेश मिळाला होता, व तो घरीं राहून रोज एस.टी.नें जाऊन येऊन शिकणार होता. मुलगी आमच्याच शाळेंत नववींत.

वडिलांच्या हातांत एका दुकानांतून आणलेलें दरपत्रक होतें. कांचेचें कॅबिनेट, त्याच्या आंत सात रंगांचे दिवे, ३२ इंची वक्र मॉनिटर आणि एक भारी ग्राफिक्स कार्ड, असा सारा थाट होता. रक्कम घरच्या शिलकेहून बरीच अधिक होती. ती भागविण्यासाठीं एक गाभण कालवड विकण्याचें घरांत जवळजवळ ठरलें होतें.

"अभ्यासाला लागत असेल तर विकूं, सर," वडील म्हणाले. "फक्त एवढंच सांगा, हें सगळं अभ्यासाला लागतं का?"

मुलगा खालीं पाहूं लागला. आम्हीं दरपत्रक पुन्हां एकदां वाचलें. दिवे होते, कांच होती. परंतु रॅम अवघी ८ जीबी होती. एसएमपीएसच्या रकान्यांत नुसतें '५०० वॅट' लिहिलें होतें. तो कोणत्या कंपनीचा, याचा उल्लेख नव्हता. इतक्यांत ती नववींतील मुलगी हळूच म्हणाली, "आणि लाईट गेल्यावर काय?" यूपीएस त्या यादींत नव्हताच. त्या दिवशींचा सर्वांत शहाणा प्रश्न तिनें विचारला, आणि पुढील सारा हिशेब त्यावरूनच सुरू झाला.

खेळ आणि अभ्यास

आम्हीं मुलास विचारलें, "हें कार्ड कशासाठीं रे?" तो म्हणाला, "गेमसाठी आहे, सर." वडिलांची मुद्रा कठोर झाली. आम्ही मात्र रागावलों नाहीं. त्यानें खरें सांगितलें होतें, आणि खरें कळल्यावांचून हिशेब मांडतां येत नाहीं.

संगणक व खेळ यांची संगत आजकालची नव्हे. अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५८ सालीं पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं एका ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ उभा केला. १९६२ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. अभियंत्यांनींच आपल्या यंत्रावर आरंभापासून खेळ खेळला आहे. तेव्हां खेळ हा स्वतः दोष नव्हे. खेळाची वस्तु अभ्यासाचें नांव घेऊन घरांत येऊं लागली, म्हणजे हिशेब बिघडतो.

मोठ्या यंत्राखेरीज मोठें काम होत नाहीं, ही समजूतही खरी नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्यें कामास लागला. त्यास आलेख दाखविणारा एक पडदाही जोडलेला होता. त्याची स्मृति २,०४८ शब्दांची, व प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १०,२४० बाइट्स. आज आपण १६ जीबी रॅम सहज म्हणतों, ती त्याच्या सोळा लाख पटींहून अधिक आहे. इतक्या अल्प साधनावर आपल्या शास्त्रज्ञांनीं गणितें सोडविलीं, हें मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आधीं काम, मग यंत्र

आमच्या जिल्ह्यांत अभियांत्रिकीचें शिक्षण फार जुनें नाहीं. १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतां सरकारनें खाजगी संस्थांस विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयें काढूं दिलीं, व त्याच वर्षीं लोणी, संगमनेर आणि कोपरगांव या तिन्ही ठिकाणीं महाविद्यालयें निघालीं. त्यामुळें पुढें शेतकऱ्याच्या मुलास घरीं राहून शिकण्याची सोय झाली. आणि जो घरीं राहून शिकतो, त्याच्यासाठींच डेस्कटॉपचा विचार करावा. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलानें लॅपटॉपच घ्यावा. त्यास यंत्र सोबत न्यावें लागतें. घरीं राहणाऱ्यास मात्र तितक्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो, त्याचे भाग एकेक बदलतां येतात, आणि तो घरांतील सर्वांच्या उपयोगीं पडतो.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं.

पहिला प्रश्न : शाखा कोणती? पहिलें वर्ष बहुतेक शाखांस सारखेंच असतें. गणित, आरेखन, आणि सी किंवा पायथॉन या भाषांतील प्रोग्राम यांस कोणताही बरा संगणक पुरतो. पुढें वाटा निराळ्या होतात. यंत्र शाखेस सॉलिडवर्क्ससारखीं साधनें लागतात. त्याचे निर्माते किमान १६ जीबी रॅम असावी असें सांगतात. स्थापत्य शाखेस ऑटोकॅड लागतें. संगणक शाखेच्या मुलास एका यंत्रांत दुसरें आभासी यंत्र चालवावें लागतें, म्हणून त्यासही रॅम भरपूर हवी. सॉलिडवर्क्स व ऑटोकॅड हीं लिनक्सवर चालण्यासाठीं बनविलेलीं नाहींत, हेंही ध्यानांत असावें. ऑटोकॅडचे निर्माते पात्र विद्यार्थ्यांस तें एकेका वर्षासाठीं विनामूल्य देतात; त्यामुळें चोरीची प्रत घेण्याचें कारणच उरत नाहीं. फ्रीकॅड, कायकॅड, ऑक्टेव्ह हीं साधनें तर सर्वांसच मोफत आहेत. मुंबई आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत अशा मुक्त साधनांचे कित्येक धडे मराठींतही ऐकावयास मिळतात.

दुसरा प्रश्न : घरांत तो आणखी कोण वापरणार? या प्रश्नाकडे आम्ही पुढें येऊं.

तिसरा प्रश्न : आज न घेतलेली कोणती वस्तु उद्यां बसवितां येईल? याच प्रश्नांत काटकसरीची किल्ली आहे. रॅमची दुसरी पट्टी मागाहून बसवितां येते. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनीं घेतां येतें. परंतु मदरबोर्ड चुकला, तर बहुधा सारें यंत्र उकलावें लागतें. एसएमपीएस हलका निघाला, तर तो जातांना दुसऱ्यासही घेऊन जातो. म्हणून जें मागाहून बदलणें कठीण, त्यावर आज पैसा खर्चावा. जें सहज वाढवितां येतें, त्यास थांबावयास लावावें.

यंत्राचीं अंगें

प्रोसेसर हें यंत्राचें डोकें. सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर विद्यार्थ्याच्या बहुतेक कामांस पुरतो. नांवांतील अक्षरें मात्र नीट वाचावीं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं 'एफ' हें अक्षर असलें, तर त्यांत अंगचें ग्राफिक्स नसतें. निराळें कार्ड बसविल्यावांचून मॉनिटरवर चित्रच उमटत नाहीं. एएमडीच्या रायझन मालिकेंतील डेस्कटॉपच्या 'जी' अक्षराच्या प्रोसेसरांत अंगचें ग्राफिक्स त्यांतल्या त्यांत चांगलें असतें. ज्यास कार्ड आज घ्यावयाचें नाहीं, त्यानें 'एफ' टाळावा.

रॅम १६ जीबी असावी. अंगच्या ग्राफिक्सवर काम चालवावयाचें असेल, तर १६ च्या एका पट्टीपेक्षां ८-८ च्या दोन पट्ट्या अधिक वेग देतात. कारण प्रोसेसर दोन वाटांनीं एकाच वेळीं माहिती उचलतो. मदरबोर्डवर चार खांचा असतील, तर पुढें आणखी दोन पट्ट्या घालतां येतात. दोनच खांचा असतील, तर पुढें वाढ करतांना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतील, हें आधींच ठाऊक असावें.

साठवणीसाठीं एसएसडी घ्यावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एका सेकंदांत साधारण १५० एमबी माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारें ५५०, आणि एनव्हीएमई जातीची त्याहूनही कित्येक पट. ५१२ जीबी आरंभास पुरते.

जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें, म्हणून पुष्कळांचा कल तिकडे असतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या प्रोसेसरांवर सहसा चालत नाहीं. कचेऱ्यांतून निघालेल्या कित्येक यंत्रांत एसएमपीएसचा आकारही निराळा असतो, म्हणून मागाहून ग्राफिक्स कार्ड बसविणें अवघड जातें. ज्यास केवळ प्रोग्राम लिहिणें शिकावयाचें आहे, त्यानें अशा यंत्रावर लिनक्स घालून खुशाल काम करावें.

मॉनिटर : इंच नव्हे, ठिपके

येथें आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास आम्हीं घरासाठीं २७ इंची मॉनिटर घेतला. किंमत कमी, आकार मोठा, म्हणून हुरळून गेलों. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टंकित करूं लागलों, तेव्हां अक्षरांच्या कडा दांतेरी दिसूं लागल्या आणि तासाभरांत डोळे शिणूं लागले. दुकानदारानें कांहीं लपविलें नव्हतें. आम्हीं इंच मोजले होते, ठिपके मोजले नव्हते.

विद्यार्थ्यांनो, हें गणित तुम्हांस नववीच्या भूमितीनें करतां येईल. मॉनिटरचे इंच म्हणजे त्याच्या कर्णाची लांबी. रुंदी व उंची यांचें प्रमाण बहुधा १६ : ९ असतें. पायथागोरसच्या प्रमेयावरून १६ चा वर्ग २५६ आणि ९ चा वर्ग ८१, मिळून ३३७. त्याचें वर्गमूळ सुमारें १८.३६. म्हणून २४ इंची मॉनिटरची रुंदी २४ × १६ ÷ १८.३६, म्हणजे सुमारें २०.९ इंच. त्या रुंदींत १,९२० ठिपके असतील, तर एका इंचांत सुमारें ९२ ठिपके पडतात. तेच १,९२० ठिपके २७ इंचीवर पसरले, तर इंचास ८२ उरतात. ३२ इंचीवर अवघे ६९. उलट २७ इंचींत रुंदीला २,५६० ठिपके असतील, तर इंचास १०९ येतात व अक्षर कोरल्यासारखें दिसतें. हातभर अंतरावरून वाचावयाचें असेल, तर इंचास ९० च्या खालीं जाऊं नये, असें आमचें मत आहे. राहुरीच्या त्या दरपत्रकांतील ३२ इंची मॉनिटर १,९२० ठिपक्यांचाच होता; म्हणजे जो महाग दिसत होता, तोच वाचनास सर्वांत वाईट ठरला असता.

दुसरी गोष्ट पडद्याच्या जातीची. आयपीएस जातीच्या पडद्यावर बाजूनें पाहिलें तरी रंग फारसे बदलत नाहींत. टीएन जातीचा बाजूनें फिका पडतो. व्हीए जातीचा काळा रंग गडद असतो. जेथें चार भावंडें खेळ पाहण्यास दाटीवाटीनें बसतात, तेथें आयपीएस बरा.

तिसरी गोष्ट चित्र बदलण्याच्या वेगाची. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदास ६० चित्रें. एक चित्र सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद टिकतें. १०० हर्ट्झला १०, व १४४ हर्ट्झला सुमारें ७ सहस्रांश सेकंद. धांवत्या खेळांत हा फरक डोळ्यांस जाणवतो. आरेखनास व वाचनास ६० पुरतात. शिवाय यंत्र सेकंदास ५० चित्रेंच काढूं शकत असेल, तर १४४ चा मॉनिटर त्याचीं १४४ करीत नाहीं.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी. म्हणून उंची कमीजास्त होणारी बैठक पाहावी, नाहीं तर खालीं दोन जाड पुस्तकें ठेवावीं. दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फूट दूर पाहावें, हा नेत्रवैद्यांचा सोपा नियम मुलांस लावून द्यावा.

वीज, उन्हाळा आणि धूळ

आमच्या भागांत वैशाखाचें ऊन चाळिशीच्या वर जातें, वळवाबरोबर विजा कडाडतात, आणि खेड्यांतून वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. शहरांतील जाहिरात या गोष्टी सांगत नाहीं.

एसएमपीएस नांवाजलेल्या कंपनीचा, निदान '८० प्लस ब्रॉन्झ' प्रतीचा घ्यावा. या प्रतीचा एसएमपीएस निम्म्या भारावर सुमारें ८५ टक्के वीज कामीं लावतो. यंत्रास आंतून १७० वॅट हवे असतील, तर तो बाहेरून २०० घेईल. ७० टक्क्यांचा हलका एसएमपीएस त्याच कामास सुमारें २४३ वॅट घेईल, व वरचे ४३ वॅट नुसती उष्णता होऊन कॅबिनेट तापवीत बसतील. यूपीएस लहान असला तरी चालेल. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा भार उचलतो आणि काम जतन करून यंत्र बंद करण्याइतका अवधि देतो. त्यावर इस्त्री किंवा पंखा लावूं नये. प्लगच्या तिसऱ्या पिनेस खरें अर्थिंग आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून तपासून घ्यावें. आकाशांत गडगडाट सुरू झाला, म्हणजे प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीं.

कॅबिनेट कांचेचें असो वा पत्र्याचें, त्यांतून हवा खेळली पाहिजे. समोर जाळी, मागें पंखा, आणि भिंतीपासून वीतभर अंतर असावें. महिन्यांतून एकदां यंत्र बंद करून मऊ कुंचल्यानें धूळ काढावी.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र वाजवीपेक्षां अधिक असते. १०० वॅट घेणारा संगणक पांच तास चालला, तर अर्धें युनिट होतें. मध्यम ग्राफिक्स कार्ड खेळाच्या वेळीं एकटेंच १०० ते १५० वॅट घेतें, एवढें लक्षांत असलें म्हणजे झालें.

शंभर रुपयांची वांटणी

भाव रोज बदलतात. म्हणून आम्ही येथें रक्कम न देतां शंभरांतील वांटा देतों. हा नियम नव्हे. ग्राफिक्स कार्ड न घेणाऱ्या घरासाठीं आम्हीं मांडलेला अंदाज आहे.

प्रोसेसर व मदरबोर्ड ३२, रॅम व एसएसडी २६, मॉनिटर २०, एसएमपीएस व कॅबिनेट ११, यूपीएस ६, कीबोर्ड, माउस व इतर ५.

दुकानाच्या कागदाशीं हा ताळा करून पाहावा. दिव्यांवर व कांचेवर अधिक आणि एसएमपीएसवर कमी खर्च झालेला दिसला, तर तो कागद परत करावा.

यंत्र एक, वांटेकरी चार

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. राहुरीच्या त्या घरीं संगणक मुलाच्या खोलींत ठेवण्याचें ठरलें होतें. आम्हीं विचारलें, "मग हिला तो केव्हां मिळणार?" मुलगा गप्प राहिला. वडील म्हणाले, "तिचं अजून कुठं काय आहे, सर, नववी तर आहे."

आम्हांस हें बोलणें लागलें, आणि तसें आम्हीं सांगितलेंही. "भाऊ, कालवड दोघांची आहे. तिच्या पैशाची वस्तु एकाच्याच खोलींत कशी जाईल?" जिनें विजेचा प्रश्न विचारला, ती उद्यां कोणत्या शाखेस जाईल हें आज कोणी सांगावें? दहावीची तयारी, शाळेचे प्रकल्प, मराठी टंकलेखन, हीं तिचीं कामें आजचीं आहेत. संगणक बैठकीच्या खोलींत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असा ठेवावा. प्रत्येकाचें खातें निराळें असावें. आणि वेळापत्रक भिंतीवर लावावें. त्यांत खेळाचाही तास उघडपणें लिहिलेला असावा. चोरून खेळलेला एक तास सांगून खेळलेल्या दोन तासांहून अधिक नुकसान करतो.

खेळ निवडतांना वेष्टनावरील वयाचा आंकडा पाहावा. युरोपांतील पद्धतींत ३, ७, १२, १६ व १८ असे आंकडे छापलेले असतात. बुद्धिबळ, माइनक्राफ्टसारखे रचनेचे खेळ व कित्येक जुने क्रिकेटचे खेळ अंगच्या ग्राफिक्सवरही चालतात. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ मात्र घरांत शिरूंच देऊं नयेत. त्यांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला आहे.

खरेदीच्या दिवशीं

दोन दुकानांतून लेखी दरपत्रकें घ्यावीं. प्रत्येक भागाचें नांव व क्रमांक पूर्ण लिहून मागावा. पावती पक्की, जीएसटी क्रमांकासह असावी, आणि हमी किती वर्षांची व ती दुकानाची कीं कंपनीची, हें त्यावर नमूद असावें. मॉनिटर दुकानांतच चालू करून पांढऱ्या व काळ्या रंगावर मेलेले ठिपके पाहून घ्यावे. खोकीं निदान हमीच्या मुदतीपर्यंत माळ्यावर जपून ठेवावीं.

पुढें काय झालें

त्या मुलानें आठवडाभर बसून नवें दरपत्रक स्वतः तयार केलें. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, ५१२ जीबी एसएसडी, २४ इंची आयपीएस मॉनिटर, चांगला एसएमपीएस आणि यूपीएस. कॅबिनेट साधें पत्र्याचें. कार्डाची खांच मोकळी ठेवली. रक्कम शिलकेंत बसली, आणि कालवड विकावी लागली नाहीं. ती दिवाळींत व्याली. तिच्या दुधाचा कांहीं भाग वेगळा ठेवावयाचा आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, आरेखनास कार्डाची खरोखर गरज दिसल्यास, तें घ्यावयाचें, असें घरांत ठरलें आहे. ग्राफिक्स कार्डाची किंमत घेतल्या दिवसापासून उतरत जाते. कालवडीची वाढत जाते. हा हिशेब त्या वडिलांस आमच्यापेक्षां अधिक कळत होता. फक्त 'अभ्यास' या शब्दापुढें ते गप्प बसले होते.

मुलगी परवां वर्गांत सांगत होती कीं सायंकाळीं सात ते साडेआठ संगणक तिचा असतो, आणि रविवारीं दुपारीं भाऊ-बहीण मिळून क्रिकेट खेळतात. कोण जिंकतें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "लाईट गेली नाहीं तर मी."

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं अभ्यासाच्या नांवानें मागितलेल्या वस्तूचा हिशेब विचारण्यांत संकोच मानूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, आई-वडील तुम्हांस 'हें कशाला लागतें?' असें विचारतील, तेव्हां खरें उत्तर द्या. खेळासाठीं असेल तर खेळासाठीं म्हणा.

घरीं सोडविण्याचे प्रश्न

१. एका मॉनिटरचा कर्ण २२ इंच व प्रमाण १६ : ९ आहे. रुंदींत १,९२० ठिपके असल्यास इंचास किती ठिपके पडतील?

२. १२० वॅट घेणारा संगणक रोज ४ तास चालतो. ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल?

३. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र किती सहस्रांश सेकंद टिकतें?

४. आपल्या घरांतील प्रत्येक माणसाचें संगणकावरील एक-एक काम लिहा, व त्यावरून आठवड्याचें वेळापत्रक आंखा. तें आई-वडिलांस दाखवून त्यांची सही घ्या.